लाल ठिपक्याची पेटी

अहो, त्या मोठ्या डॉक्टरांनी मला काय विचारलं ते तुम्हाला ठाऊक नाही. तुम्ही आत होतात, नळ्या लावून. मी बाहेर बाकावर, आपली लेक प्रज्ञा पाण्याची बाटली आणायला खाली गेलेली. ते आले, चष्मा काढला आणि म्हणाले, "यांना डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं, हे घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही? कानाच्या नसेवर गाठ आहे. वर्षभर आधी आणलं असतंत तर लहान होती, काढता आली असती." मी म्हटलं, "डॉक्टर, ह्यांचा धंदाच कानाचा आहे हो." त्यांना वाटलं असेल, बाई धक्क्यानं काहीतरी बरळतेय. चष्मा लावून निघून गेले.

जलदान विधी झाला, विहारात शोकसभाही झाली. भाड्यानं आणलेला माईक सारखा शिट्ट्या मारत होता आणि त्याच माईकवरून एकेक जण सांगत होता, बोर्ली पंचतनात असा कानाचा पक्का माणूस पुन्हा होणे नाही. तुमची ती ख्याती ऐकताना मला हसू येत होतं की रडू, माझं मलाच कळेना. पदर तोंडावर धरला, म्हणून बायांना वाटलं मी रडतेय. आणि जेवणाच्या पंगतीत तुमच्या शालूताईंनी, सख्ख्या बहिणीनं, सगळ्यांदेखत विचारलं, "घरात दोघंच तुमी, आनि तुला कळलं न्हाय?" वाढणाऱ्या पोरीचा हातसुद्धा थांबला. 

तेव्हापासून एकच प्रश्न माझ्या डोक्यात घण घालतोय. मला कळलं नाही, मान्य. तुम्हाला कळलं होतं का? तुम्हालाही कळलं नसेल तर आपण दोघं एकाच माळेचे मणी, मूर्ख ते मूर्ख, त्याचं दुःख मी करीन आणि गप्प बसेन. पण कळलं असून तुम्ही माझ्यापासून लपवलं असेल, तर अहो, मग मी तुमच्या फोटोला हार तरी कुठल्या तोंडानं घालू?

लोकांना सांगितलं तर खरं वाटणार नाही, पण लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला साधा फ्यूज बांधता येत नव्हता. तुमच्या हाताला त्या वर्षी भाजलं, चिंधी बांधलेल्या हातानं तुम्ही सोल्डरिंग करायला बसलात आणि थेंब भलतीकडेच पडायला लागले. तुम्ही वैतागून मला हाक मारलीत. "ये इकडं. भाकरी थापताना हात हलतो का तुझा? न्हाय ना? मग बस." मामंजी ओटीवरून बघत राहिले, सासूबाईंनी कपाळाला हात लावला. पण माझा टाका असा बसला की चिंधी सुटल्यावरही तुम्ही ते काम परत हातात घेतलं नाहीत. गिऱ्हाईक आलं की छाती फुगवून सांगायचात, "टाके सगळे हिचे. मी फक्त ऐकतो." बोर्लीच्या बाजारपेठेत कुणाच्या नवऱ्यानं बायकोचं असं नाव घेतलं असेल? ते मी विसरलेली नाही. आज शिव्या घालतेय म्हणून ते विसरले, असं समजू नका.

आणि ते नेलपॉलिश. श्रीवर्धनच्या बाजारातून मी हौसेनं आणलेलं, लालभडक. सासूबाईंनी नुसतं बघितलं आणि मी बाटली कपाटात मागे सारली. तुम्ही ती शोधून काढलीत. म्हटलं, आता माझ्या बाजूनं भांडणार. कुठचं काय! तुम्ही त्यातून ब्रश काढलात आणि घरच्या स्पीकरच्या जोडीतल्या डाव्या पेटीच्या पाठीवर एक ठिपका दिलात. म्हणे डावी-उजवीत गोंधळ व्हायला नको. त्यानंतर जी जोडी दुकानात आली तिच्या डाव्या पेटीला माझं नेलपॉलिश लागलं. बाटली सुकली तेव्हा तुम्ही स्वतः जाऊन नवी आणलीत, तोच रंग. नखांना कधी लागलं नाही ते, पण दिघीपासून हरिहरेश्वरापर्यंत किती घरांतल्या पेट्यांना लागलंय, देव जाणे.

पेट्यांचं दुखणं आपल्याकडे बहुतेक वेळा एकच असतं. मागच्या बाजूला छोटं बटण असतं, ज्याला आपण नुसतं कंट्रोल म्हणतो. आत वाटोळी गुंडाळलेली तार आणि तिच्यावर फिरणारी पितळी पट्टी. बारीक आवाजाचा जो छोटा स्पीकर असतो तो किती बोलेल ते त्या बटणानं ठरतं. वर्षानुवर्षं फिरवून पट्टी घासते आणि वर आपली ही खारी हवा, पितळाला हिरवा गंज धरतो. मग बटण जरा हललं की खरखर, नाहीतर आवाज एकदम गडप.

त्यावरून आपण किती भांडलो! तुमचं म्हणणं, जुनी वस्तू आहे, मूळ आहे, तिला जगवायचं. स्प्रे मारायचा, बटण मागे-पुढे, मागे-पुढे घुमवत बसायचं, कापसाच्या काडीनं पुसायचं. माझं म्हणणं, घासलं ते घासलं, ते काय परत उगवणार आहे? सरळ नवीन घाला आणि मोकळे व्हा. दिवेआगरच्या बंगल्यातली ती जोडी तुम्ही स्प्रेवर भागवून दिलीत आणि पावसाळा संपायच्या आत ती खरखरत परत आली. मी म्हटलं, "बघा." तुम्ही म्हणालात, "हवेचा दोष." सगळा दोष कायम हवेचा. तुमच्या हातून झाकलं गेलेलं काहीही उघडं पडलं की ती आपली बिचारी हवा पुढे व्हायची.

मात्र एक गोष्ट तुम्ही कधीही चुकवली नाहीत. जोडीतली एक पेटी कमी बोलते अशी तक्रार घेऊन कुणी आलं, की आधी स्क्रू ड्रायव्हरला हात लावायचा नाही. आधी पेट्यांची अदलाबदल करायची. डावीकडची उजवीकडे, उजवीकडची डावीकडे, वायर जिथल्या तिथे. दोष पेटीबरोबर पलीकडे गेला तर पेटी उघडायची. पेटी हलली आणि दोष मात्र त्याच बाजूला राहिला, तर पेटीत काही नाही, दुसरीकडे शोधायचं. "पेटी खोटं बोलत न्हाय," असं म्हणायचात, "फक्त तिला जागा बदलून विचारायचं." मला पाठ झालं होतं ते.

आणि मग ती कॅसेट. दुसरे लोक गाणी लावून पेटी तपासतात. तुम्ही मला अंगणात बसवून सूप हातात दिलंत आणि मी तांदूळ पाखडत असताना समोर टेप ठेवलात. तांदळाची सळसळ, मधूनच खड्याचा टण्ण आवाज, माझ्या बांगड्या. आतून सासूबाई ओरडल्या, "तिला जरा काम करू दे!" तेही त्यात आलंय. त्या कॅसेटवर तुम्ही प्रत्येक जोडीचे कंट्रोल लावायचात. आधी आपल्या घरच्या जोडीवर ऐकायचं, मग गिऱ्हाइकाच्या. आणि शेवटी मला हाक, "स्वयंपाकघरात जा आनि तिथनं ऐक. तुला तूच पाखडतेयस असं वाटलं तर काम झालं." मी आतून ओरडायचे, "खडा नीट वाजत नाही!" तुम्ही बटण केसभर फिरवायचात. "आता?" "आता वाजला." तेवढ्यावर पेटी बंद व्हायची. मला वाटायचं, हा माणूस माझ्यावर जीव टाकतो म्हणजे काय, तर हे.

तुम्ही ते बंद केलंत. कधीपासून, ते मला नेमकं सांगता येणार नाही, पण बंद केलंत. एकटेच बसायला लागलात पेट्यांसमोर, मान वाकडी करून. मी आपणहून स्वयंपाकघरातून सांगितलं, "डावीकडनं टोचतंय हो, कान किटतात." तर अंगावर आलात. "तुला काय कळतंय त्यातलं?" इतक्या वर्षांत पहिल्यांदा. माझ्याच पाखडण्यातलं मला कळत नाही! मी रागानं टोपात इतक्या जोरात डाव आपटला की वरण उडालं. पण आत कुठंतरी वाटलं, कान त्यांचाच पक्का, सगळा तालुका म्हणतो, माझंच काहीतरी बिघडलं असेल. बघा, मी स्वतःच्या कानांवर संशय घेतला. तुमच्यावर नाही घेतला.

मग घरच्या जोडीचं निघालं. मामंजींनी मुंबईहून आणलेली, तुमच्या जिवापलीकडची. तुम्ही म्हणालात, डाव्या पेटीचा बारीक आवाज गेला, कंट्रोल संपलाय.  मूळ वस्तू जगवणारा माणूस, वडिलांच्या पेटीतला कंट्रोल बदला म्हणतोय! मी विचारलं, "अदलाबदल करून बघितली का?" सरळ प्रश्न होता, तुमचाच शिकवलेला. त्यावर केवढे तडकलात, "मला शिकवतेस व्हय?" मग मी विचारलं, बदलायचेच तर दोन्ही बदलू, जोडी सारखी बोलायला हवी असं तुम्हीच सांगता. तर म्हणे, "दुसरा आसू दे. बाबांच्या हातचा एक तरी ऱ्हाऊ दे." मी स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला.

माझी गुडघेदुखी, तरी मी गेले. दिघीवरून फेरीबोटीनं आगरदांड्याला, तिथून एसटी, मग मुंबईत त्या इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्लीत दुकानामागून दुकान. जुना कंट्रोल रुमालात गुंडाळून नेला होता, त्याच मापाचा, तशाच दांड्याचा मिळेपर्यंत फिरले. एका दुकानदारानं जुना मीटरला लावला आणि म्हणाला, "मावशी, ये तो अच्छा है, क्यों बदल रहे हो?" मी त्याला सुनावलं. म्हटलं, आमच्या माणसाचा कान तुझ्या मीटरपेक्षा खरा आहे. अगदी याच शब्दांत, अहो. भर दुकानात.

घरी येऊन मी तो लावला. चार टाके, स्वच्छ. पेटी बंद केली, तुम्ही खुर्चीत बसलात, कॅसेट लावली. मी तुमच्या तोंडाकडे बघत होते. तुम्ही डोळे मिटून ऐकलंत, कॅसेट मागे घेऊन पुन्हा ऐकलंत. मग म्हणालात, "झकास." उठलात आणि चपला घालून बाहेर गेलात. मला वाटलं, बाबांची आठवण आली असेल. मी उगाच हळवी झाले, संध्याकाळी तुमच्यासाठी तांदळाच्या पिठाची बोरं वळून त्यांची खीर केली.

त्यानंतर लगेच मी प्रज्ञाच्या बाळंतपणाला पनवेलला गेले. परत आले तर तुम्ही कंबर धरून बसलेले. काय झालं म्हटलं, तर तांदळाचं पोतं उचललं म्हणालात. मी बाम चोळत होते आणि बडबडत होते, की या वयात कशाला पोती उचलायची, शेजारी सगळे मेले होते का हाक मारायला. तुम्ही उशीत तोंड घातलंत. आणि त्याच आठवड्यात नवीन खूळ काढलंत, की पंख्याचं वारं लागतं, तू पलंगाच्या या बाजूला ये, मी तिकडे झोपतो. लग्नापासूनची माझी भिंतीकडची बाजू. मी कुरकुरले, पण उशी उचलली. म्हातारपणी माणसाला असे चाळे सुचतात म्हणून सोडून दिलं.

कादरभाईंचं प्रकरण त्यानंतरचं. कुवेतमध्ये नोकरी करून आलेला सज्जन माणूस, येताना तिथल्या मोठ्या पेट्या बोटीतून घेऊन आलेला, पोरांपेक्षा जास्त जपतो. मी कंट्रोल बदलले, तुम्ही ते कानानं लावून जोडी तयार करून दिलीत. दोन दिवसांनी ते दारात, चपला बाहेर काढून, आवाज एकदम नरम. "प्रकाशभाई, माफ करना, पण डाव्या बाजूनं फार चिरतं हो. कानात सुई टोचल्यासारखं." तुम्ही त्या माणसाला पाणीसुद्धा विचारलं नाहीत. "पेटी बरोबर हाय. तुमचे कान तपासून घ्या." कादरभाई खाली मान घालून गेले. मी त्यांच्यामागे फाटकापर्यंत गेले, चार लिंबं हातात दिली. आत आले तर तुम्ही खुर्चीत, पाठ माझ्याकडे. मी म्हटलं, "हे बरं नाही केलंत." तुम्ही वळलाच नाहीत. मला वाटलं, घमेंड आहे. तुम्हाला ऐकूच आलं नव्हतं का हो?

आणि मग दिघीचा धक्का. बोटीवर चढताना सपाट जागेवर तुमचा तोल गेला, आणि उठवलं तरी पाय ठरेनात. पुढचं सगळं पनवेल, मुंबई, फोटो, मशीन, सह्या. त्यात काय सांगायचंय? ऑपरेशनला नेताना तुम्ही माझा हात धरलात आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलंत. वॉर्डबॉय म्हणाला, "चला काका." तुम्ही तोंड मिटलंत. इतकी घाई कसली होती? ती ढकलगाडी जराशी अडवायची, म्हणायचं, थांब रे बाबा, बायकोशी बोलायचंय. तेही जमलं नाही.

शोकसभेनंतर सगळे पाहुणे गेल्यावर कादरभाई आले. यावेळी मी त्यांना पाणी दिलं, चहा दिला. बराच वेळ टोपी चाळवत बसले. मग म्हणाले, "भाभी, एक सांगू का? मी खरंच गेलो होतो माणगावला, कान तपासायला. प्रकाशभाई बोलले म्हणजे काहीतरी असेल ना. डॉक्टर बोलले, एकदम चोख." आणि लगेच घाईनं, "मी तक्रार नाही करत हं. अल्ला त्यांना जन्नत देवो. मी आपला डाव्या बाजूला उशी लावून ऐकतो."

अहो, उशी लावून! तुमच्या शब्दाखातर माणूस भाडं घालून माणगावला जाऊन स्वतःचे धडधाकट कान तपासून आला आणि वर पेटीला उशी लावून बसला. त्याचे कान तपासून झाले. दुकानदाराच्या मीटरनं कंट्रोल तपासून झाला. माझ्या कानांवर माझा संशय घेऊन झाला. एका माणसाचे कान तेवढे राहिले. मी कादरभाईंना म्हटलं, "पेट्या आणून टाका, मी लावून देते." त्यांनी कप खाली ठेवला. "तुम्ही?" "मीच. टाके माझेच होते सगळे."

आज सकाळी ते टेम्पोत घालून पेट्या घेऊन आले. लावायच्या म्हणजे आधी घरच्या जोडीवर ऐकायला हवं, तुमचीच रीत. तुम्ही गेल्यापासून त्या जोडीला मी हात लावला नव्हता, आणि त्याआधीही, मी पनवेलहून आल्यापासून, तुम्ही ती दार लावूनच ऐकायचात. धूळ पुसली, कॅसेट घातली, बटण दाबलं.

बाई गं! तांदूळ कसले, कुणी पत्र्यावर खडी ओततंय असं डावीकडून आलं. माझ्या बांगड्या कानात घुसल्या. कादरभाई उठून उभे राहिले, म्हणाले, "हेच भाभी, हेच माझ्या घरी." उजवीकडचं मात्र अगदी मऊ, नीट. मी धावत जाऊन डाव्या पेटीमागे हात घातला, कंट्रोल कमी करायला. म्हटलं, मीच बसवलेला नवा कंट्रोल, त्याला काय धाड भरली?

हाताला लागलं ते जुनं बटण होतं. कडेला टवका उडालेलं, मामंजींच्या वेळचं. पार शेवटपर्यंत वर फिरवलेलं. जरा हलवलं तर खरखर, खरखर. मला काही उमगेना. कादरभाईंना म्हटलं, जरा धरा. दोघांनी मिळून पेटी भिंतीपासून ओढली. पाठ कोरी. ठिपका नाही. मग मी दुसरीकडे गेले, उजवीकडच्या पेटीमागे वाकले. तिथे होता तो, लाल, माझ्या नेलपॉलिशचा. आणि त्याच्या खाली माझा नवा कंट्रोल, बरोबर मध्यावर ठेवलेला.

मी तिथेच जमिनीवर बसले. कादरभाई म्हणाले, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, गुडघा."

अदलाबदल केली होतीत तुम्ही. मी पनवेलला असताना, एकट्यानं, एवढ्या जड पेट्या उचलून, कंबर धरेपर्यंत. म्हणजे नवा कंट्रोल लावल्यावरही डावीकडचा बारीक आवाज तुम्हाला आला नव्हता, आणि झकास म्हणालात ते खोटं होतं. मग तुम्ही तेच केलंत जे सगळ्या तालुक्याच्या पेट्यांना करायचात. पेटी पलीकडे गेली आणि दोष होता तिथेच राहिला, डावीकडे. पेटीत काही नाही, हे तुम्हाला त्या दिवशी कळलं. दुसरं कुठे शोधायचं, हेही कळलं असणार. त्या रिकाम्या घरात खुर्चीत बसून माझं पाखडणं एका कानानं ऐकलंत, आणि उठून काय केलंत, तर डावीकडचं बटण शेवटपर्यंत वर फिरवून टाकलंत.

प्रज्ञाचा मुलगा आता सव्वा वर्षाचा आहे. हिशेब करायची गरज नाही, डॉक्टर वर्षभर म्हणाले होते.

भ्यालात, हे मला कळतं. कानाचा पक्का माणूस, त्याचाच कान गेला म्हटल्यावर दुकानात कोण पाऊल ठेवणार. पण अहो, मी गिऱ्हाईक होते का? मी चार माणसांत जाऊन सांगणार होते? दुकान आपण दोघांनी चालवलं असतं. एक कान तुमचा, दोन माझे, तीन कानांत काय कमी पडलं असतं? पूर्वीसारखं मला स्वयंपाकघरात पाठवायचं, मी ओरडून सांगितलं असतं. बोरांची खीर मिटक्या मारत खाल्लीत त्या खोटेपणावर. आज शालूताईंचा फोन आला होता, मी पहिल्यांदाच ताठ आवाजात सांगितलं, "त्यांना ठाऊक होतं."  मग म्हणाल्या, "आनि तुला बोलला न्हाय?" मी फोन ठेवला. बघा, आता हाही प्रश्न माझ्याच पदरात.

कादरभाईंची जोडी मी लावून दिली. दोन्ही बाजू सारख्या, खडा वाजतोय. ते खूश होऊन गेले, जाताना तुमच्या फोटोसमोर उभे राहिले थोडा वेळ.

मग मी घरच्या जोडीकडे वळले. जुना कंट्रोल आता खरोखरच संपलाय, तुम्ही सारखा फिरवून फिरवून संपवलात. तो मी बदलणार आहे, तुमचे बाबा काही म्हणोत. पेट्या मात्र अदलाबदल केलेल्याच ठेवीन. संध्याकाळी चादर बदलताना माझी उशी त्या बाजूला दिसली, जिकडे तुम्ही मला ढकललंत. पंख्याचं वारं म्हणे! ती तुमच्या उजव्या कानाची बाजू. मी झोपेपर्यंत बडबडते ती तुम्हाला ऐकायची होती. पेटीला जागा बदलून विचारलंत, आणि मला जागा बदलून ऐकत राहिलात, आणि सगळं करून सवरून तोंड तेवढं उघडलं नाहीत. माझं ऐकायला कान हवा होता तुम्हाला, मग मलाही ऐकायचं होतं की काहीतरी. "सुमन, मला डावीकडनं ऐकू येत न्हाय." एवढंच. एकदा म्हणायचं होतंत.